न दिसणाऱ्या पाण्याचा जोतिषी

मुलगी पाहायला मी तुमसरला गेलो होतो. होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "खाणीत आपण नेमकं काय करता?" मी तेव्हा कामात आकंठ बुडालेला. उत्साहाच्या भरात बोलून गेलो, "जे दिसत नाही ते किती असेल, ते सांगतो." सासरे उठले. आत जाऊन म्हणे सासूबाईंना म्हणाले, मध्यस्थाने मुलगा इंजिनियर आहे असं सांगितलं होतं, हा तर पत्रिका पाहणारा निघाला! लग्न झालं, पण ती शंका त्यांच्या मनातून शेवटपर्यंत पुरती गेली असं मला वाटत नाही.

संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून गळ घातली. नोकरीचा पाढा वाचण्यात मला रस नाही आणि वाचकांनाही नसणार. एक पेटी आणि एक माणूस, एवढंच सांगतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. मी बालाघाटजवळच्या एका मॅंगनीजच्या खाणीत इलेक्ट्रिकल इंजिनियर होतो. खाणीचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं नाहीत तरी त्यांची मुलंबाळं आहेत.

आधी धंदा समजावून सांगतो. जमिनीखालच्या खाणीत मॅंगनीजपेक्षा पाणी जास्त निघतं. दगडांच्या फटींतून, जुन्या सोडून दिलेल्या बोगद्यांतून ते अहोरात्र झिरपतं आणि तळाशी एका हौदात गोळा होतं. तिथून पंप ते वर फेकतात. हौद फार रिकामा झाला तर पंप हवा ओढतो आणि मोटर जळते. फार भरला तर शेजारच्या उतरत्या बोगद्यात पाणी शिरतं, आणि त्या बोगद्यात माणसं काम करत असतात. म्हणून हौदात पाणी किती, हे प्रत्येक घटकेला कळायला हवं. वर ऑफिसात बसून ते कळावं म्हणून हौदात तरंगता डबा सोडून पाहिला. चार दिवसांत तो गाळात रुतला. दुसऱ्या डब्याची तार सुरुंगाच्या हादऱ्याने तुटली. तिसरा डबा मागायला मॅनेजर साहेबांकडे जायची माझी हिंमत झाली नाही.

नागपूरला माझ्यासोबत शिकलेला एक मित्र कॉलेजात शिकवत होता. त्याने एका परदेशी लेखाची हाताने उतरवलेली प्रत धाडली. त्यातल्या युक्तीला 'स्टेट ऑब्झर्व्हर' म्हणतात. समजा घरात एक झाकलेला रांजण आहे आणि झाकण काढायची मनाई आहे. त्याच्या तोटीतून पाणी किती जोरात पडतं ते पाहून आत किती असेल याचा तर्क करता येतो. आता त्या रांजणासारखाच एक खोटा रांजण कागदावर मांडा. खऱ्या तोटीची धार आणि खोट्या तोटीची धार सतत ताडून पाहा. फरक दिसला की खोट्या रांजणातलं पाणी तेवढं कमीजास्त करा. थोड्या वेळात खोटा रांजण खऱ्याच्या बरोबरीने चालू लागतो. मग झाकण काढायची गरजच उरत नाही.

खरी मेख पुढे आहे. रांजणात घरातलं कोण कधी किती पाणी ओततंय, हे तुम्हाला माहीत नाही. आमच्या हौदात किती पाणी झिरपून येणार हे प्रत्यक्ष भूगर्भशास्त्रज्ञालाही सांगता येत नव्हतं. तेव्हा गणित असं बसवायचं, की येणारं अज्ञात पाणी काहीही असो, आपला अंदाज बिघडता कामा नये. त्या गणितात माझा एक अख्खा हिवाळा गेला. बैठकीतल्या जमिनीवर कागद पसरलेले असत. नवी नवरी त्यांच्यावरून पाय उचलून उचलून चालायची आणि माहेरी पत्रं लिहायची.

शेवटी पेटी झाली. मुंबईहून पोस्टाने मागवलेले सुटे भाग, हाताने केलेलं सगळं डाखकाम म्हणजे सोल्डरिंग, आणि पुढच्या बाजूला एक काटा, त्याच्या मागे लाल रेघ. हौदातलं पाणी खाली गेलं की पंपाला ते अधिक उंच उचलावं लागतं, त्यामुळे वर येणारी धार जराशी बारीक होते. ती धार नाल्याजवळच्या टाक्यात पडायची. टाक्याला खाच पाडलेला पत्रा बसवून मी तिथे धार मोजायची सोय केली. दुसरा साक्षीदार होता मोटरचा अ‍ॅमीटर; हौदातलं पाणी बदललं की मोटर ओढते ती वीजही बदलते, ती तो दाखवायचा. पण आमच्याकडची वीज म्हणजे पाहुण्यासारखी, आज जोरात तर उद्या मरगळलेली, त्यामुळे त्याचा काटा नाचत असे. म्हणून मी टाक्याच्या धारेला जास्त वजन दिलं आणि अ‍ॅमीटरला नावापुरतं.

कामगारांनी पेटीला नाव ठेवलं जोतिषी. येता-जाता कुणीतरी खिडकीतून विचारायचं, "काय म्हन्ते आज जोतिषी?" माझ्या सासुरवाडीचं आणि ह्यांचं आधीच काही ठरलं होतं की काय, असा मला संशय येई. हेड ऑफिसातून एक मोठे साहेब खास ती पेटी पाहायला आले होते. अर्धा तास मी समीकरणं समजावली. जाताना ते पेटीच्या मागे वाकून म्हणाले, "इस में पानी कहाँ से आता है?" मी हात जोडले.

चैत्रात अवकाळी पाऊस झाला तेव्हा पेटीने पाण्याचा चढ-उतार बोटभर फरकाने सांगितला. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला लागेनासे झाले.

खाली हौदापाशी पंप चालवायचे ते डोमाजी. काळे, किडकिडीत, पन्नाशीचे, कमी बोलणारे. जवळच्याच गावात राहायचे. शेती नव्हती, घर तेवढं होतं. वीस वर्षं ते एका बांबूच्या काठीने पाणी मोजत आले होते. काठीवर हात-हात अंतराने तांब्याची तार गुंडाळलेली. दर तासाला काठी हौदात उभी करायची, तारेची वळी बोटाने चाचपायची आणि खडूने भिंतीवर लिहायचं. पेटी नावारूपाला आल्यावर मॅनेजर साहेबांनी लेखी हुकूम काढला: पाण्याची नोंद आता फक्त पेटीवरून होईल, काठीची नोंद बंद. हुकुमाचा मसुदा मीच लिहून दिला होता. डोमाजींना तो वाचून दाखवला. ते म्हणाले, "बंद म्हन्ता तं बंद करतो, साहेब." काठी त्यांनी पंपाच्या मागे उभी करून ठेवली, फेकली नाही.

आषाढात आठ दिवस पाऊस कोसळला आणि मग एकदम उघडला. कडक ऊन पडलं. वर ऊन असलं तरी जमिनीत मुरलेलं पाणी खाली पोचायला सहा-सात दिवस लागतात, हे खाणीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्या दिवशी सकाळची पाळी होती. दोन्ही पंप चालू होते. खालच्या बोगद्यात अकरा माणसं होती. अकराच्या सुमाराला पेटीचा काटा लाल रेघेच्या खाली उतरला, म्हणजे हौद रिकामा होत आला. मी खाली फोन लावला.

"डोमाजी, दोन नंबर बंद करा."

"नका करू, साहेब. पानी चढून राह्यलं."

"काठी टाकली काय?"

"काठी बंद हाय ना. डोयानं दिसून राह्यलं मले."

"डोळ्याने काय दिसणार त्या अंधारात? पेटी पाणी खाली दाखवतेय. मोटर जळाली तर जबाबदार कोण?"

 पंपांच्या घरघरीतून डोमाजींचा आवाज आला, "बरं, साहेब." मी फोन ठेवला. खाली उतरायला वीस मिनिटं लागली असती. मी उतरलो नाही. का उतरलो नाही याचं उत्तर मी आजही स्वतःला देऊ शकत नाही. पेटी होती ना, मग उतरायचं कशाला, असंच तेव्हा वाटलं असणार.

अर्ध्या तासाने खाणीच्या तोंडाशी गलका झाला. बाहेर आलो तर खालच्या बोगद्यातली अकराच्या अकरा माणसं वर आलेली. डोमाजींनी पंप तर बंद केला नव्हताच, उलट बोगद्यात जाऊन सगळ्यांना हाकलून वर पाठवलं होतं. त्या माणसांनी पाणी काही पाहिलं नव्हतं. डोमाजी ओरडला म्हणून निघालो, एवढंच ते सांगत होते. पाळीचं सगळं काम बुडालं. मॅनेजर साहेब संतापून खाली उतरले, पण तेव्हा माणसं वर येऊन तीन तास उलटून गेले होते. तोवर वरून आलेला लोंढा ओसरला होता आणि दोन्ही पंपांनी हौद उपसून काढला होता. भिंतीवर ओल पाहावी तर खाणीच्या भिंती बाराही महिने ओल्याच.

तीन दिवसांनी चौकशी बसली. मॅनेजर साहेब, एक लेबर ऑफिसर आणि जाणकार म्हणून मी. डोमाजी टोपी हातात घेऊन उभे होते.

"फोन पर ऑर्डर मिला था कि नहीं?"

"मिला था, साहेब."

"फिर पंप बंद क्यों नहीं किया?"

डोमाजी खाली पाहत राहिले.

"शिफ्ट किसके हुकुम से बाहर निकाली?"

"माह्याच."

मग साहेब माझ्याकडे वळले. "आपकी पेटी क्या बता रही थी?" मी रजिस्टर उघडून वाचलं. लाल रेघेच्या खाली. मी खोटं बोललो नाही. जे लिहिलं होतं तेच वाचलं. त्या कागदावर डोमाजी निलंबित झाले आणि पुढे कामावरून काढायची नोटीस तयार होऊ लागली.

त्याच आठवड्यात टाक्याचा पत्रा साफ करायचा होता. एरवी मी रस्त्याने जीपमधून जात असे. जीप बैहरला गेली होती, म्हणून सायकल काढली आणि जवळची वाट म्हणून पाइपाच्या कडेने निघालो. बांधावरून वळलो तर समोर भाताच्या बांधीत वीस-पंचवीस बाया रोवणी करत होत्या. चिखलात गुडघाभर पाणी. वरती सगळं रान उन्हाने करपत होतं आणि इथे पाणी खळाळत होतं. पाइपाला एक वाल्व होता. तो पूर्ण उघडा होता आणि त्यातून आमच्या खाणीचं पाणी शेतात पडत होतं, टाक्यापर्यंत पोचायच्या आधीच.

मी सायकल टाकली. बांधावर एक वयस्कर बाई परह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या मोजत होत्या. त्यांना विचारलं, "बाई, हे पाणी कुठलं?"

"खदानीचं, साहेब. आनखी कुठलं?"

"कधीपासून घेता?"

"माह्या सासऱ्याच्या टायमापासून. रोवनीले पाऊस दगा देते, तवा खदान पानी देते. आज माही पाळी हाय, उद्या खालच्या बांधीवाल्याची."

"पाळ्या कोण लावून देतं?"

त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू सूर्य कोणत्या बाजूला उगवतो हे मी विचारलं होतं. "डोमाजी, बाप्पा! पंप कवा चालते, थे त्यालेच मालूम. आमच्यात भांडन नको म्हनून थोच लावून देते. त्याले तं शेती बी नाई. पन साहेब, त्याले घरी काहून बसवलं तुमी?"

मी तिथेच बांधावर बसलो. सगळं हिशेबात उतरायला एक मिनिट पुरलं. शेतात पाणी जातं म्हणून टाक्यातली धार बारीक. धार बारीक म्हणून पेटी म्हणते हौद रिकामा. झिरपणारं पाणी अज्ञात, म्हणून त्याच्यासाठी मी एक हिवाळा घासला होता. पंपाचं पाणी मात्र मला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो. ज्या पाइपावर माझं सगळं गणित उभं होतं, त्याच्या कडेने मी एकदाही चाललो नव्हतो. संध्याकाळी त्या दिवसाचे अ‍ॅमीटरचे आकडे काढून पुन्हा गणित मांडलं. त्या बिचाऱ्याने खरं सांगितलं होतं, मीच त्याला वजन दिलं नव्हतं. पाणी बोगद्याच्या तोंडापासून हातभर खाली होतं. दोन नंबर बंद झाला असता तर पाव तासात ते आत शिरलं असतं, आणि बोगदा आतल्या बाजूला उतरता. आकडे पुन्हा तपासले, उत्तर तेच आलं. 

दुसऱ्या दिवशी डोमाजींच्या घरी गेलो. ते अंगणात खाट कसत होते. मला पाहून उठले, आतून खुर्ची मागवली. मी उभाच राहिलो.

"वाल्वचं तुम्हाला माहीत होतं."

"हौ."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं दुसऱ्या रोजी वाल्वले कुलूप लागलं असतं, साहेब. अर्धी रोवनी बाकी हाय. परहे पिवळे पडून राह्यले लोकायचे."

"आणि तुमची नोकरी?"

"नोकरीचं पाहू. परहा काही थांबत नाई."

"अहो, मला तरी सांगायचं! पेटी बसवली तेव्हाच सांगायचं!"

डोमाजी जरा गोंधळले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. म्हणाले, "मले वाटलं तुमाले मालूम असन. सगळ्यायलेच मालूम हाय." मग खाटेची दोरी ओढत म्हणाले, "आठ रोज थांबा, साहेब. रोवनी होऊ द्या. मंग सांगा जे सांगाचं ते."

मी थांबलो. पेटीच्या काट्यावर कागद चिकटवला, वर 'दुरुस्ती चालू' असं लिहिलं, आणि रोज प्रत्येक पाळीला स्वतः खाली उतरून डोमाजींच्या काठीने पाणी मोजलं. ते आठ दिवस मी गावासाठी थांबलो असं मी पुढे अनेकांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. माझी पेटी चुकली आणि मी चुकलो, हे स्वतःच्या हाताने लिहायला मला आठ दिवस लागले. डोमाजींनी मुदत मागितली नसती तरी मी कदाचित तेवढीच घेतली असती.

मग लिहिलं. आधी खाचेचा पत्रा उचलून खाणीच्या तोंडाशी, वाल्वच्या अलीकडे बसवला, म्हणजे शेतात पाणी गेलं तरी मापात गडबड होणार नाही. त्यानंतर रिपोर्ट दिला: मापाची जागा चुकीची होती, पंप चालकाचा अंदाज बरोबर होता, त्याच्यामुळे अकरा माणसं वाचली. मॅनेजर साहेब माझ्यावर बराच वेळ ओरडले. "आप ही ने तो कहा था पानी नीचे है!" मी मान डोलावली. पण माणूस वाईट नव्हता. वाल्वला कुलूप लागलं नाही आणि डोमाजींचं निलंबन मागे घेतलं गेलं.

हुकूम मोडल्याची ताकीद मात्र त्यांच्या कागदावर तशीच राहिली. पुढे जमादाराची जागा निघाली तेव्हा त्या ताकिदीमुळे ती त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. मी दोनदा लेखी विनंती केली. दोन्ही वेळा उत्तर आलं की चौकशी नियमाप्रमाणे झाली होती. डोमाजी पंपावरूनच रिटायर झाले.

नंतरच्या नोकऱ्यांत मी अशा पुष्कळ पेट्या केल्या, याच्यापेक्षा कितीतरी चांगल्या. भिलाईकडे केल्या, कोळशाच्या खाणींत केल्या. प्रत्येक ठिकाणी काम हातात घेण्याआधी पाइप जिथून निघतो तिथपासून पडतो तिथपर्यंत पायी चालायचो. हाताखालची पोरं मागे हसायची. साहेबांचा सकाळचा फेरफटका म्हणायची. मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, म्हातारा डॉक्टरच्या सल्ल्याने चालतो.

एक सांगायचं राहिलं. डोमाजी कामावर परत आले त्या पहिल्या दिवशी मी त्यांच्यासोबत खाली उतरलो. पंप सुरू झाले. आम्ही दोघं हौदाच्या काठावर उभे होतो. मी माफी मागितली. त्यांनी नुसतं "राहू द्या, साहेब" म्हटलं. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण माझं मन खात होतं. मला कुठेतरी थोडासा दोष त्यांच्याही पदरात टाकायचा असावा. मी म्हणालो, "पण डोमाजी, वाल्वचं नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं. चौकशीत तुम्ही एवढं तरी म्हणायला हवं होतं, की पाणी वर आलं होतं."

डोमाजींनी काठी पाण्यात उभी केली, बोटाने तारेची वळी चाचपली आणि भिंतीवर खडूने लिहिलं. मग माझ्याकडे न पाहता, अगदी शांतपणे म्हणाले, "मले नऊ सवाल झाले, साहेब. मोजले मी. हुकूम कोनाचा, टाइम कोनता, फोन कोनं उचलला. पानी कुठवर होतं, हे एकानं बी नाई विचारलं."

 काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मी होतो ना तिथे."

"हौ," डोमाजी म्हणाले. "तुमी बी तिथीच बसून होते."